कापड जुनं चालेल, दोरा नवाच पाहिजे

नवा संसार मांडलेली पोरगी असो, बदली होऊन तालुक्याच्या गावी खोली घेतलेल्या मॅडम असोत की शहर सोडून वावराकडे परतलेलं जोडपं, घर लावताना सगळ्यांना एकच धास्ती असते. पडदे, उशीच्या खोळी, थैल्या, अंथरूण-पांघरूण यात पैसा कुठे जातो ते कळत नाही. माझं सांगणं सोपं आहे. कापडावर जवळपास काही खर्च करू नका. सुई, दोरा आणि कातरीवर मात्र हात आखडता घेऊ नका. बाजारात लोक याच्या नेमकं उलट करतात. पडद्याचं कापड मीटरवर महागाचं घेतात आणि दोऱ्याची गुंडी उचलतात ढिगातली, सगळ्यात स्वस्त. मग दोन धुण्यांत कापड जसंच्या तसं राहतं आणि शिलाई उसवते.

ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मशीन नसली तरी अडणार नाही.

आधी घरातली पेटी उघडा

बाजारात जायच्या आधी घरातलं जुनं कापड बाहेर काढा. सुती पातळं (साड्या), सासऱ्यांची धोतरं, मधोमध विरलेल्या चादरी, कॉलर झिजलेले शर्ट, दुपट्टे, सगळं. विदर्भात घरोघरी कपाटावर किंवा पलंगाखालच्या पेटीत असं एक गाठोडं असतंच. ते उन्हात टाका, धुवा आणि मग त्याचे तीन ढीग करा: सुती, मिसळीचं आणि निव्वळ नायलॉन-पॉलिस्टर.

हाताला कळत नसेल तर काडी लावून बघा. कापडाच्या कडेचा एक दोरा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर जाळा. सुती दोरा सरसर जळतो, कागद जळल्याचा वास येतो आणि मागे भुसभुशीत राख उरते. पॉलिस्टरचा दोरा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी बनतो. गार झाल्यावर तो बोटांत चुरगळत नाही. दोन्ही लक्षणं थोडी थोडी दिसली तर ते टेरीकॉट.

हा खटाटोप कशासाठी? अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. त्या दिवसांत पॉलिस्टरच्या खोळीवर डोकं टेकवून बघा, म्हणजे उत्तर मिळेल. अंगाला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी सुती ढिगातून करायच्या. पडदा, कूलरचं झाकण, शिलाई मशीनचा कव्हर यांना मिसळीचं चालतं. निव्वळ नायलॉनचं पातळ थैलीच्या आतल्या अस्तराला उत्तम, कारण ते लवकर वाळतं.

मग प्रत्येक कापड खिडकीसमोर धरून उजेडात बघा. पातळाचा निऱ्यांचा भाग आणि खालचा काठ आधी विरतो, पदराकडचं कापड बहुतेक वेळा धडधाकट असतं. चादर मधोमध जाते, कडेचा हातभर पट्टा नव्यासारखा राहतो. विरलेल्या जागी खडूने फुली मारा, तेवढं सोडून कापायचं.

आणि हो, दारावर भांडेवाली आली की जरा सांभाळून. “बाई, ते सुती पातळ द्या न, स्टीलचा मोठा गंज देतो,” असं ती म्हणेल (गंज म्हणजे पातेलं), कारण कोणत्या कापडाला मोल आहे हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तिला द्यायचे पॉलिस्टरचे शर्ट-पँट. सुती पातळ घरातून जाऊ देऊ नका.

बाजारात काय घ्यायचं, काय नाही

आठवडी बाजारात हर-मालवाल्याची (सगळ्या वस्तू एकाच भावात विकणाऱ्याची) ताडपत्री अंथरलेली असते, बाजूला मनेरीचं म्हणजे बांगड्या-टिकल्या, सुई-दोऱ्याचं दुकान, पलीकडे कटपीसवाला. तिन्हीकडे वेगळा हिशेब लावावा लागतो.

हर-मालवाल्याकडून टाचण्या, खडू, डबे, चिमटे, दोरे-सुया ठेवायला झाकणाची बरणी बिनधास्त घ्या. मोजायची टेपही घ्या, पण घरून शाळेची फूटपट्टी सोबत न्या आणि टेपचे 12 इंच तिच्यावर ठेवून बघा. स्वस्त टेपांत चूक निघते; पाव इंचाचा फरक असला तर चार फुटांच्या पडद्यात तो एक इंच होतो. इलॅस्टिक दुप्पट ताणून सोडा, पहिल्या मापावर आलं नाही तर ठेवून द्या. चेन घेताना तिथेच उभं राहून पाच-सात वेळा उघडझाप करा आणि मधेच थांबून दोन्ही बाजूंना ओढा. दात सुटले तर दुकानदाराला परत, घरी आणायची नाही.

कातर मात्र हर-मालमधली नको. ती कागद कापते, कापड चावते. तालुक्याच्या गावी टेलरचं सामान विकणाऱ्या दुकानातून आठ-नऊ इंचांची चांगली कातर घ्या आणि घरात सांगून ठेवा की तिने कोणी कागद, दुधाची पिशवी किंवा मिशा कापायच्या नाहीत. (मिशांचं मुद्दाम लिहिलं आहे.) दोरा पॉलिस्टरचा, ओळखीच्या कंपनीचा. हातभर दोरा दोन्ही मुठींत धरून झटका द्या. सहज तुटला किंवा त्यावर कापसासारखा भुरभुर लोंब दिसला तर तो ढिगातला माल. सुरुवातीला पांढरा, काळा आणि मातकट असे तीन रंग पुरतात. मातकट दोरा बहुतेक रंगांवर लपतो.

नवं कापड लागलंच तर मीटरचा भाव विचारायच्या आधी चादरीचा भाव विचारा. साधी सिंगल चादर 60 बाय 90 इंचांची असते. 36 इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडाशी तुलना केली तर एका चादरीत जवळपास पावणेचार मीटर कापड मिळतं, वर दोन बाजू शिवलेल्या. पडद्याला, खोळीला, अस्तराला यापेक्षा स्वस्त काही नाही. चादर उलगडून उजेडासमोर धरा, पलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखू आला तर विण फार विरळ आहे. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा घासून बघा. रंग रुमालाला लागला तर ती चादर एकटीच धुवावी लागेल.

कटपीसवाल्याकडे तुकडा पूर्ण उलगडून घ्या. आत डाग किंवा जोड असतो म्हणूनच पुष्कळदा तो तुकडा निघालेला असतो. डाग कडेला असेल तर चालतो, त्यावरून भाव पाडता येतो. बाजार उठायच्या वेळी, दुकानदार गाठोडी बांधायला लागला की भाव आणखी उतरतो. दसरा-दिवाळीला सोयाबीन आणि कापसाच्या पहिल्या वेचणीचा पैसा हातात आलेला असतो, तेव्हा गर्दीत घासाघीस जमत नाही. पेरणीच्या दिवसांत हेच दुकानदार बोलावून बोलावून माल देतात.

नागपूरला गांधीबाग किंवा अमरावतीला बिझिलँडची ठोक बाजारपेठ आहे, पण एकट्या घरासाठी तिथवर जाणं म्हणजे बसभाड्यात बचत घालवणं. बचत गटातल्या आठ-दहा जणी मिळून मांजरपाटाचा (कोऱ्या जाड सुती कापडाचा) तागा आणणार असतील तर गोष्ट वेगळी. वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते. 1938 सालापासूनची संस्था आहे. कापड स्वस्त नाही, पण हाताला खरं सुती कापड कसं लागतं ते तिथे कळतं.

कोणतंही नवं सुती कापड कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. सुती कापड आटतं. आधी आटू द्या, मग मापं घ्या.

पहिलं काम: बाजाराची थैली

2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून गुजरीत (भाजीबाजारात) जाताना थैली न्यावीच लागते. शिकायलाही थैलीच बरी. सरळ शिलाई, सरळ कापणी, आणि बिघडली तरी कांदे वाहते.

कापड जाड हवं. जुन्या पँटचे पाय, सतरंजीचा तुकडा, किंवा चादरीचे दोन पदर एकावर एक. 18 इंच रुंद आणि 38 इंच लांब एक तुकडा कापा. बंदांसाठी 4 इंच रुंद, 24 इंच लांब अशा दोन पट्ट्या. कापताना दोऱ्याची दिशा बघा. कापड उभं ओढलं तर ताणलं जात नाही, तिरपं ओढलं तर लांबतं. बंद नेहमी उभ्या दिशेने कापायचे, नाहीतर दोन बाजारांत थैली गुडघ्यापर्यंत येते.

1. तुकडा मधोमध घडी घाला, पण सुलट बाजू बाहेर ठेवून. नवख्यांना इथेच गोंधळ होतो. दोन्ही बाजूंना कडेपासून पाव इंचावर टीप (सलग शिलाई) घाला. आता थैली उलटी करा, कोपरे पेन्सिलीने बाहेर काढा आणि आतून पुन्हा अर्ध्या इंचाला थोडं कमी अंतर ठेवून टीप मारा. कापडाच्या कच्च्या कडा दोन शिलायांच्या मध्ये बंद होतात. ओव्हरलॉक मशीनची गरज राहत नाही आणि थैली धुतली तरी आतून दोरे निघत नाहीत.

2. थैली उलटीच असताना खालचा कोपरा असा चपटा करा की बाजूची शिलाई आणि तळाची घडी एकावर एक येतील. त्रिकोण दिसेल. टोकापासून 2 इंचांवर आडवी रेघ मारा, ती 4 इंच भरेल. त्यावर दोनदा टीप. दुसरा कोपरा तसाच. थैलीला बूड मिळतं आणि ती उभी राहते.

3. वरची कड आधी अर्धा इंच आणि मग दीड इंच दुमडून इस्त्री करा, पण शिवू नका.

4. बंदाची पट्टी लांबीत मधोमध दुमडा, उघडा, दोन्ही कडा त्या घडीपर्यंत आणा आणि पुन्हा मिटा. एक इंच रुंदीचा चार पदरी बंद होतो. दोन्ही कडांना टीप.

5. बाजूच्या शिलाईपासून साडेचार इंचांवर बंदाची टोकं वरच्या दुमडीच्या आत खुपसा. आता सगळी कड खालून आणि वरून अशी दोन फेऱ्यांत शिवा. बंद जिथे कडेला लागतो तिथे छोटा चौकोन शिवून त्यात फुली मारा. ओझं तिथेच पडतं.

हाताने शिवत असाल तर धावदोरा फक्त जुळवाजुळवीला. खरी शिलाई बखियाची: सुई एक टाका पुढे काढायची, मग मागे जाऊन आधीच्या टाक्याच्या टोकातच खुपसायची आणि दोन टाके पुढे काढायची. सुलट बाजूने मशीनसारखी सलग रेघ दिसते. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंततो. थैलीला दोरा दुहेरी घ्या.

उशीच्या खोळी

इथे सुती पातळाचं खरं मोल कळतं. साधी उशी 17 बाय 27 इंचांची असते, तरी आपली मोजून घ्या. खोळीसाठी 18 इंच रुंद आणि 62 इंच लांब एकच पट्टी लागते. पातळाचा पन्हा 45 इंचांच्या आसपास, म्हणजे रुंदीत दोन पट्ट्या बसतात. लांबी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे 216 इंच, त्यात तीन लांब्या. धड पातळातून सहा खोळी निघतात आणि काठाची पट्टी उरते ती वेगळी.

पट्टीच्या दोन्ही आखूड कडा अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवा, लांबी 60 इंच राहील. सुलट बाजू वर ठेवून पट्टी अंथरा. एका टोकापासून 6 इंचांवर खडूची खूण करा, मग दुसरं टोक उचलून त्या खुणेपर्यंत आणा. खुणेपलीकडचे 6 इंच आता त्याच्यावर दुमडा, ही झडप. दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर टीप मारा आणि उलटवा. झडप आत जाते, उशी तिच्यामागे अडकते. ना चेन, ना बटण, ना नाडी.

जुन्या शर्टापासून छोट्या उशीची खोळ याहूनही सोपी. सगळी बटणं लावून शर्ट उलटा करा, टेबलावर सपाट ठेवा, आणि 16 बाय 16 च्या उशीसाठी पुढचा-मागचा भाग मिळून 17 बाय 17 चा चौकोन कापा; बटणपट्टी बरोबर मधोमध यायला हवी. चारही बाजू शिवायच्या, बटणं उघडून त्यातून उलटवायचं. काज-बटणं कंपनीने आधीच करून दिलेली आहेत, त्यांचे पैसे शर्ट घेतानाच मोजले होते.

वेचणीची झोळी

कापूस वेचायला बाया कमरेला ओटी बांधतात किंवा खताचं चुंगडं (पोतं) कापून त्याची झोळी करतात. चुंगडं फुकटचं असलं तरी वेचणीला वापरू नका. त्याचे प्लास्टिकचे धागे सुटतात आणि कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये (सरकी काढताना) ते वेगळे निघत नाहीत, सूत कातताना तुटतं आणि रंगवताना त्या जागी रंग चढत नाही. म्हणूनच वेचणीला सुती कापडाच्याच पिशव्या वापरा असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं. रंगीत पातळाचे धागेही तसेच त्रास देतात. तेव्हा पांढरं धोतर दुहेरी करून किंवा मांजरपाट.

30 इंच रुंद, 44 इंच लांब तुकडा घ्या. वरची कड अर्धा आणि मग दोन इंच दुमडून नेफा शिवा. खालची कड एक इंच दुमडून शिवा आणि तो भाग 18 इंच वर उलटवा. बाजू थैलीसारख्याच दुहेरी टीपेने. मागची बाजू पुढच्यापेक्षा साडेचार इंच उंच राहते, त्यामुळे वाकलेल्या बाईचा हात न बघता आत जातो. नेफ्यात दोन मीटर नाडा ओवा; नाडा रुंद ठेवा, नेफ्यात सरकेल इतका; बारीक नाडा भरल्या झोळीने कमरेत रुततो. शिवून झाल्यावर लोंबणारा एकूण एक दोरा कापून टाका. इतर कामांत हे दिसण्यासाठी, इथे मालासाठी.

खताच्या चुंगड्यांचं काय, तर युरियाचं 45 किलोचं चुंगडं उलटं करून धुतलं की पायपुसण्याच्या तळाला, सरपण आणायच्या थैलीला, कूलरच्या वरच्या झाकणाला कामी येतं. खाण्याच्या वस्तू, वाळवण, बियाणं त्यात नाही. औषधाच्या आणि औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशव्या तर घरातच आणायच्या नाहीत.

मशीन घ्यायची झाली तर

हाताने तीन-चार वस्तू पुऱ्या झाल्यावरच मशीनचा विचार करा. जुनी पायमशीन टेलरकडून तपासून घेतली तर वर्षानुवर्षं चालते. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून शिलाई मशीन अनुदानावर देण्याच्या योजना निघतात, ग्रामपंचायतीत आणि अंगणवाडी ताईंकडे विचारत राहा. जी टेलरकाम करूनच पोट भरते तिच्यासाठी 2023 साली सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे, त्यात साहित्यासाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं.

मशीनवर नवख्यांचा जीव खाणाऱ्या गोष्टी दोनच. सुई आणि दोऱ्याचा ताण. सुती चादरीला 14 नंबर, जाड थैलीला 16 नंबर, पातळ मलमलला 11. सुईची एक बाजू चपटी असते आणि तिच्या समोरच्या बाजूला लांब खाच. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. खालून दोऱ्याची जाळी होत असेल तर सगळ्या जणी बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. सुईखाली कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलून दोरा पुन्हा ओवा. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा आणि हलका झटका द्या: थोडीशी खाली सरकून थांबली तर ताण बरोबर, सरसर उतरली तर ढिला, हललीच नाही तर घट्ट. शिवण सुरू करताना दोन्ही दोरे मागे धरून ठेवा, एवढ्याने अर्धी कटकट संपते.

उरलेल्या चिंध्या

सगळं जपून ठेवायचा मोह आवरा, नाहीतर चिंध्यांची पेटी घरापेक्षा मोठी होते. दोन इंचांहून रुंद सुती पट्टी नाड्याला, वीतभर चौकोन गोधडीच्या पोटात, काठ वेगळे गुंडाळून. बाकीचं पुसायला. गोधडीला घाई नको. दोन पातळांच्या मध्ये हे तुकडे सपाट पसरून, कडेकडून आत अशा चौकोनी फेऱ्यांत बोटभर अंतराने धावदोरा घालत राहा, दिवाळीनंतरच्या दुपारी गोधडी पुरी होते.

काठाच्या पट्ट्या पोळ्यासाठी राखा. घरी बैलजोडी नसली तरी तान्ह्या पोळ्याला लेकराच्या लाकडी नंदीला झूल हवीच असते. नंदीची मानेपासून शेपटीपर्यंतची लांबी आणि पाठीवरून आडवं, एका पोटाच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अशी दोन मापं घ्या. दोन्हींत एकेक इंच वाढवून पातळाचे दोन तुकडे कापा, सुलट बाजू आत ठेवून चौफेर अर्ध्या इंचावर शिवा, दोन इंच जागा उघडी सोडा. तिथून उलटवा, तोंड हाताने बंद करा, मग काठ लावा. काठ आधी लावला तर उलटवताना तो चुरगळतो.